झोपेची उलटापालट : यकृतविकाराची दुर्लक्षित खूण

घरातील कर्ता माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. पहाटे कोठे त्याचा डोळा लागतो आणि दिवस डोक्यावर आला तरी तो अंथरूण सोडत नाही. दुपारी ओसरीवर बसल्या बसल्या त्याला डुलकी लागते. बाजाराचा हिशेब, जो एरवी तो तोंडी करीत असे, तो आता बोटांवर मोजूनही चुकतो. घरची मंडळी याचा अर्थ आपापल्या परीने लावतात. कोणी म्हणते काळजीने झोप उडाली, कोणी म्हणते अंगात आळस भरला, कोणाला बाहेरची बाधा झाल्याचा संशय येतो. अखेरीस कोणीतरी औषधाच्या दुकानातून झोपेची एखादी गोळी आणून देते आणि आता तरी माणसाला स्वस्थ झोप लागेल, असे सर्वांना वाटते.

ज्याचे यकृत जुन्या विकाराने क्षीण झाले आहे, अशा माणसाच्या बाबतीत वरील सर्व तर्क चुकीचे ठरू शकतात आणि शेवटचा उपाय तर जिवावर बेतू शकतो. रात्रीची झोप जाणे आणि दिवसा झापड येणे ही अशा रुग्णात केवळ एक गैरसोय नसते. पुष्कळदा ती मेंदूपर्यंत पोहोचलेल्या विषाची पहिली वर्दी असते. ती वेळीच ओळखली तर उपचार साधा असतो. ती ओळखली गेली नाही, तर रुग्ण बेशुद्धीपर्यंत जाऊ शकतो. म्हणूनच या विषयाची माहिती केवळ डॉक्टरांपुरती न राहता गावोगावच्या शिक्षकांना, पंचायत सदस्यांना आणि कार्यालयीन अधिकाऱ्यांनाही असणे अगत्याचे आहे.

यकृताचे कार्य

बरगड्यांच्या आड, पोटाच्या उजव्या वरच्या भागात असलेले यकृत हा शरीराच्या आतील सर्वांत मोठा अवयव होय. प्रौढ माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलोग्रॅम भरते. पित्तरस तयार करणे, साखरेचा साठा करून गरजेप्रमाणे ती रक्तात सोडणे, रक्त गोठण्यास लागणारी प्रथिने बनविणे आणि शरीरात शिरलेली वा शरीरातच निर्माण झालेली अपायकारक द्रव्ये निरुपद्रवी करणे, अशी अनेक कामे ते अहोरात्र करीत असते. आतड्यांतून अन्नरस घेऊन येणारे रक्त हृदयाकडे जाण्यापूर्वी एका मोठ्या नीलेवाटे आधी यकृतात येते. जकात नाक्यावर मालाची तपासणी व्हावी, तशी तेथे या रक्ताची तपासणी होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

दीर्घकाळ मद्यपान, ब आणि क प्रकारची विषाणुजन्य कावीळ, यकृतात चरबी साठणे, तसेच काही आनुवंशिक आणि प्रतिकारशक्तीशी निगडित विकार यांमुळे यकृतातील पेशी हळूहळू मरतात व त्यांची जागा चिवट तंतू घेतात. यकृत आकसते, कठीण आणि गाठाळ होते. या अवस्थेला सिऱ्होसिस असे म्हणतात. हा विकार वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढत असतो. कावीळ, पोटात पाणी साठणे किंवा रक्ताची उलटी ही उघड लक्षणे दिसू लागण्याच्या आधीही झोपेची तक्रार सुरू झालेली असू शकते. सिऱ्होसिसच्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांना समाधानकारक झोप लागत नाही, असे वेगवेगळ्या देशांतील पाहण्यांत दिसून आले आहे.

दिवसाची रात्र कशी होते?

आपण खातो त्या प्रथिनांचे पचन होताना, तसेच आतड्यांतील जिवाणूंच्या क्रियेमुळे अमोनिया हे विषारी द्रव्य तयार होते. निरोगी यकृत त्याचे यूरियात रूपांतर करते आणि तो लघवीवाटे बाहेर टाकला जातो. ही रासायनिक साखळी हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्झेलाइट या संशोधकांनी १९३२ मध्ये उलगडून दाखविली. त्याच्याही आधी, १८९३ मध्ये, सेंट पीटर्सबर्ग येथे पाव्हलॉव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला होता. आतड्यांकडून येणारे रक्त यकृतात न जाता परस्पर मोठ्या नीलेत जाईल, अशी शस्त्रक्रिया त्यांनी केली. या कुत्र्यांना मांस खाऊ घातल्यावर त्यांच्या वागण्यात विलक्षण फरक पडे, ते अडखळत आणि काही वेळा गुंगीत जात. यकृताची चौकी चुकविलेले रक्त मेंदूला बाधते, ही गोष्ट तेव्हापासून ध्यानी आली.

सिऱ्होसिसमध्ये नेमके हेच घडते. कठीण झालेल्या यकृतातून रक्ताला सहज वाट मिळत नाही, म्हणून ते आडवाटा काढते. शिवाय उरलेल्या पेशींची अमोनियाचा निचरा करण्याची शक्तीही कमी झालेली असते. परिणामी अमोनिया व इतर द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचतात आणि मेंदूच्या आधारपेशींना सूज आणतात. या विकाराला वैद्यकात हिपॅटिक एनसेफॅलोपॅथी असे नाव आहे. मराठीत त्यास यकृतजन्य मस्तिष्कविकार म्हणता येईल. लंडनमधील ख्यातनाम यकृततज्ज्ञ शीला शरलॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये अशा रुग्णांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. रात्री जागरण आणि दिवसा झोप हे या विकाराचे आरंभीचे लक्षण असल्याची नोंद त्यात आहे. आजही डॉक्टर या विकाराची पायरी ठरविताना झोपेच्या वेळापत्रकातील बदल विचारात घेतात.

तथापि सारा दोष अमोनियाचा नव्हे. मेंदूतील एका लहानशा ग्रंथीतून अंधार पडल्यावर मेलाटोनिन नावाचे संप्रेरक पाझरू लागते आणि रात्र झाल्याचा निरोप ते सर्व शरीराला देते. काम झाल्यावर त्याची विल्हेवाट लावणे हेही यकृताचेच काम. सिऱ्होसिसच्या रुग्णांत मेलाटोनिन दिवसाही रक्तात रेंगाळते आणि रात्रीचा त्याचा उच्चांक नेहमीपेक्षा उशिरा येतो, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. शरीरातील घड्याळच मागे पडते, असा याचा अर्थ. म्हणून असा रुग्ण रात्री दहाला आडवा झाला तरी त्याचे शरीर रात्र झाल्याचे मानीत नाही आणि सकाळी सातला त्याचे शरीर दिवस उजाडल्याचे मानीत नाही. येथे आळसाचा वा मनोधैर्याचा प्रश्न नसतो, हे घरच्यांनी प्रथम समजून घेतले पाहिजे.

झोप मोडणारी इतर कारणे

यकृतविकारात झोपमोडीला इतरही कारणे असतात आणि त्यांतील बरीचशी दूर करता येण्याजोगी असतात.

पित्तरसाचा प्रवाह अडला की अंगाला कंड सुटतो. तळहात व तळपाय यांना तो विशेष सुटतो आणि संध्याकाळनंतर वाढतो. अंगावर पुरळ नसतानाही रुग्ण खाजवून बेजार होतो. कोमट किंवा गार पाण्याने स्नान, सुती सैल कपडे, त्वचेला तेल किंवा मलम लावून ती मऊ राखणे आणि नखे कापलेली ठेवणे एवढ्यानेही थोडा आराम पडतो. कंड न शमल्यास त्यावर वेगळी औषधे आहेत आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असतात.

रात्री पोटरीत गोळे येणे हा दुसरा त्रास. पोटात पाणी साठले असेल तर उताणे निजल्यावर दम लागतो. डोके व पाठ उशांनी उंच करून किंवा कुशीवर निजल्यास बरे वाटते, परंतु पाणी काढण्याची वा औषध बदलण्याची वेळ आली आहे काय, हे डॉक्टरांना विचारणेही तितकेच आवश्यक असते. हे पाणी कमी करण्यासाठी दिलेली, लघवी वाढविणारी गोळी संध्याकाळी घेतली तर रात्रभर उठबस होते. हीच गोळी सकाळी घ्यावी. काही यकृतविकारांत प्रेडनिसोलोन हे औषध दिले जाते. तेही रात्री घेतल्यास झोप उडते, म्हणून सहसा सकाळीच घ्यावयाचे असते. गोळ्यांच्या वेळांचा एक साधा तक्ता करून तो डॉक्टरांना दाखविला, तर काही रुग्णांची झोप तेवढ्यानेच सुधारते.

चहा-कॉफीचेही असेच आहे. त्यांतील कॅफीन शरीराबाहेर टाकण्याचे काम यकृत करते. यकृत दुबळे असेल तर हे द्रव्य रक्तात कितीतरी अधिक वेळ टिकते. निरोगी माणसाला संध्याकाळचा जो चहा बाधत नाही, तो या रुग्णाला मध्यरात्रीपर्यंत जागे ठेवू शकतो. यास्तव दुपारच्या जेवणानंतर चहा-कॉफी वर्ज्य करणे हितावह.

यकृतात चरबी साठलेल्या स्थूल व्यक्तींत आणखी एक दोष आढळतो. झोपेत घशातील वाट बंद होऊन श्वास क्षणभर अडतो, मोठ्याने घोरणे चालू असते आणि रात्रभर निजूनही सकाळी थकवा जात नाही. याची वेगळी तपासणी व उपचार उपलब्ध आहेत. आणि अखेरचे, पण अनेक घरांत पहिले असलेले कारण म्हणजे मनाला लागलेला घोर. दुखण्याचे काय होणार, खर्च कसा भागणार, मुलांचे कसे होणार हे विचार रात्रीच्या शांततेत मोठे होतात. त्यांवर बोलणे हाही उपचाराचाच भाग आहे. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी शासनाची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

झोपेची गोळी : उपाय नव्हे, अपाय

झोप न येण्याची तक्रार ऐकली की झोपेची गोळी आठवणे स्वाभाविक आहे. परंतु झोपेच्या व चिंताशामक म्हणून प्रचलित असलेल्या बऱ्याच गोळ्यांचे विघटन यकृतातच होते. ते संथ झालेले असल्यामुळे एका रात्रीसाठी घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशीही अंगात राहते आणि तिच्यावर दुसरी पडते. शिवाय आधीच अमोनियाने मंदावलेल्या मेंदूवर तिचा परिणाम अधिक होतो. घरच्यांना वाटते, रुग्णाला एकदाची झोप लागली. प्रत्यक्षात ती झोप नसून बेशुद्धीची पहिली पायरी असू शकते. कोडीनयुक्त खोकल्याची औषधे, तीव्र वेदनाशामके व गुंगी आणणारी सर्दीची औषधे यांबाबतही हाच धोका संभवतो.

‘झाडपाल्याचे आहे, त्याने अपाय होत नाही’ ही समजूतही तपासून पाहिली पाहिजे. झोपेसाठी वा ताणासाठी अश्वगंधेच्या गोळ्या व चूर्णे आज सर्रास घेतली जातात. त्यांच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी भारतासह इतर देशांतील वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या आहेत. ज्याचे यकृत आधीच विकारग्रस्त आहे, त्याने कोणत्याही पद्धतीचे औषध, मग ते दुकानातील असो वा वैदूने दिलेले असो, आपल्या डॉक्टरांना दाखविल्याशिवाय घेऊ नये.

मद्याविषयी तर निराळे सांगण्याची गरज नसावी. ‘थोडी घेतली की झोप येते’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मद्याने डोळा लवकर लागतो हे खरे, परंतु उत्तररात्रीची झोप तुटक होते आणि यकृताचा ऱ्हास चालूच राहतो. मात्र वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी मद्य बंद केल्यास कंप, भ्रम व झटके येऊ शकतात. म्हणून ते वैद्यकीय देखरेखीखाली सोडावे. व्यसनमुक्तीबाबतच्या सल्ल्यासाठी १४४४६ ही निःशुल्क राष्ट्रीय सेवा आहे.

घरबसल्या ओळखावयाच्या खुणा

यकृतजन्य मस्तिष्कविकाराची चाहूल डॉक्टरांपेक्षा घरच्यांना आधी लागते, कारण माणूस पूर्वी कसा होता हे त्यांना ठाऊक असते. झोपेची उलटापालट, विनाकारण चिडचिड किंवा अस्थानी हसणे, साध्या बेरीज-वजाबाकीत चूक, वस्तू ठेवून विसरणे, सदरा उलटा घालणे, सही वेडीवाकडी होणे या त्या खुणा होत. हात पुढे ताणून पंजे वर उचलून धरावयास सांगितले असता ते पंख फडफडावेत तसे हलत असतील, तर विकार आणखी पुढे गेला आहे असे समजावे. रुग्णाने रोज एका वहीत तारीख घालून आपली सही करावी आणि एक ओळ लिहावी. अक्षर बिघडू लागले की वही स्वतःच साक्ष देते.

आणखी एक सोपी चाचणी डॉक्टर वापरतात. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावे आठवतील तितकी रुग्णास सांगावयास लावतात. सिऱ्होसिसच्या रुग्णाला १५ हून अधिक नावे सांगता आली तर सहसा काळजीचे कारण नसते. १० देखील सांगता आली नाहीत, तर मेंदूवर परिणाम झाल्याची शंका घेऊन तपासणी करावी लागते. ही चाचणी निदान नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावयास हवे. घड्याळ आणि पेन्सिल यांपलीकडे तिला काही लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

हा विकार एकाएकी वाढण्यामागे बहुधा एखादे निमित्त असते. बद्धकोष्ठ, जुलाब-उलट्यांमुळे शरीरातील पाणी कमी होणे, लघवीच्या गोळ्यांचा अतिरेक, ताप वा पोटातील जंतुसंसर्ग, अन्ननलिकेतील वा जठरातील रक्तस्राव आणि गुंगीची औषधे ही प्रमुख निमित्ते होत. शौचास डांबरासारखी काळी होणे हे आतील रक्तस्रावाचे चिन्ह असते. रुग्ण हाक मारूनही नीट जागा होत नसेल, वेळ-काळ-माणसे ओळखत नसेल, रक्ताची उलटी वा काळी शौच झाली असेल, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. भगताकडे किंवा अन्यत्र नेण्यात गेलेला एकेक तास महाग पडतो.

या विकारावरील मुख्य औषध म्हणजे लॅक्ट्युलोज हे गोड पातळ औषध होय. ते आतड्यांतील अमोनिया शौचावाटे बाहेर काढते. दिवसाला दोन ते तीन वेळा मऊ शौच होईल इतकी त्याची मात्रा ठेवावयाची असते. संकोचापोटी किंवा प्रवासाच्या गैरसोयीमुळे रुग्ण ते मध्येच सोडतात आणि विकार उलटतो. उलटपक्षी, मात्रा फार झाली तर जुलाबांनी शरीर शुष्क होऊन तोच परिणाम होतो. गरजेप्रमाणे डॉक्टर त्यास रिफॅक्सिमिन या प्रतिजैविकाची जोड देतात. विष उतरू लागले की पुष्कळ रुग्णांची झोपही रुळावर येते.

रात्रीचा घास

आहाराबाबत एक जुना समज अजून घर करून आहे. यकृताच्या रुग्णाला डाळ, दूध, अंडी बंद करावीत, कारण त्यांतून अमोनिया होतो, असा तो समज. एके काळी डॉक्टरही तसेच सांगत. आता हा सल्ला मागे पडला आहे. प्रथिने तोडली की स्नायू झिजतात, आणि यकृत दुबळे झाले असता अमोनियाचा निचरा करण्यास मदत करणारे स्नायूच असतात. सिऱ्होसिसच्या रुग्णाला दर किलोग्रॅम वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे आजचे शास्त्र सांगते. म्हणजे ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. डाळी, उसळी, दूध, दही व पनीर यांतील प्रथिने अशा रुग्णांना अधिक मानवतात.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे लांब उपास टाळणे. निरोगी यकृत रात्रभराची साखर साठवून ठेवते. सिऱ्होसिसमध्ये हा साठा तोकडा पडतो आणि रात्रीच्या दहा-बारा तासांच्या उपासात शरीर आपलेच स्नायू मोडून खाते. म्हणून निजण्यापूर्वी सुमारे ५० ग्रॅम कर्बोदके मिळतील असा अल्पोपाहार घ्यावा, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. ज्वारीची एक मध्यम भाकरी आणि पेलाभर दूध एवढ्यात ही गरज साधारण भागते. भाकरी नको असेल तर दुधातील दशमी, पोहे किंवा केळे चालेल. मधुमेह असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. निर्जळी एकादशी किंवा नवरात्राचे नऊ दिवसांचे उपास अशा रुग्णाने करू नयेत. घरातील वडीलधाऱ्यांनीच आजाऱ्याला उपासातून मोकळीक दिली, तर त्याच्या मनाला रुखरुख लागत नाही.

पोटात पाणी साठले असल्यास मीठ दिवसाला सुमारे ५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे सपाट चमचाभर, ठेवावे लागते. लोणचे, पापड, खारवलेली मासळी व फरसाण यांतील मीठही यातच मोजावयाचे असते.

शरीराचे घड्याळ लावताना

शरीरातील कालचक्र कसे चालते, हे उलगडून दाखविणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ लावणारी सर्वांत मोठी किल्ली म्हणजे प्रकाश. सकाळी उठल्यावर तासभर उजेडात, शक्यतो अंगणात किंवा शेताच्या बांधावर घालवावा आणि रात्री झोपण्यापूर्वीच्या तासात प्रखर दिवे, दूरचित्रवाणी व मोबाइल दूर ठेवावेत. झोपण्यापेक्षा उठण्याची वेळ ठरावीक ठेवणे अधिक महत्त्वाचे असते. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठावे. दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासाची आणि तीनच्या आत आटोपलेली असावी. वीस-पंचवीस मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत न राहता उठून बसावे, मंद उजेडात काहीतरी शांत करावे आणि डोळे जड झाले की पुन्हा आडवे व्हावे. दिवसा झेपेल तेवढे चालणे स्नायूंना बळ देते आणि रात्रीच्या झोपेलाही साह्य करते. ज्यांच्या यकृताचा विकार फार पुढे गेला आहे, त्यांना एवढ्याने पुरे होणार नाही. परंतु यात खर्च नाही आणि अपायही नाही.

सोबत जागणारे

रुग्ण जागा असतो तेव्हा घरात आणखी कोणीतरी जागे असते. बहुधा ती पत्नी, आई किंवा सून असते. रात्री त्याला सांभाळून पहाटे तिला चूल, पाणी आणि गुरे पाहावयाची असतात. रुग्णाच्या झोपेची चौकशी सर्वजण करतात, तिच्या झोपेची कोणी करीत नाही. घरातील इतरांनी, प्रसंगी शेजाऱ्यांनी, रात्री वाटून घेणे हा यावरचा उपाय होय. थकलेल्या माणसाच्या नजरेतून धोक्याच्या खुणा निसटतात, म्हणूनही तो आवश्यक ठरतो.

मस्तिष्कविकाराची बाधा झालेल्या माणसाच्या हालचाली व निर्णय मंदावतात. बाहेरून तो धडधाकट दिसत असला तरी त्याने मोटारसायकल, ट्रॅक्टर वा अन्य वाहन चालवू नये, मळणी यंत्रावर काम करू नये. राज्याच्या अनेक भागांत कृषिपंपांना रात्रीची वीज मिळते आणि शेतकऱ्याला पाणी देण्यासाठी अंधारात विहिरीवर जावे लागते. अशा रुग्णाला ही रात्रपाळी देऊ नये. कार्यालयात डुलक्या घेणारा जुना, कामसू कर्मचारी किंवा अलीकडे हजेरीपटात चुका करू लागलेला सहकारी शिक्षक दिसला, तर ज्ञापन काढण्यापूर्वी त्याच्या प्रकृतीची विचारपूस करणे अधिक न्याय्य ठरेल.

गावाने करण्यासारखे

सर्वांत चांगली झोप म्हणजे जी मुळात बिघडलीच नाही ती. यकृताच्या विकारांपैकी मोठा भाग टाळता येण्याजोगा किंवा वेळीच बरा होण्याजोगा आहे. ब प्रकारच्या काविळीवर लस आहे आणि तिची पहिली मात्रा बाळाच्या जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावयाची असते. ही मात्रा चुकू नये, यासाठी आशा कार्यकर्ती आणि ग्रामपंचायत यांनी प्रत्येक बाळंतपणाची नोंद ठेवावी. क प्रकारच्या काविळीवरील जुन्या इंजेक्शनांनी रुग्णाची झोप उडे आणि मन खिन्न होई. आता त्याऐवजी गोळ्या आल्या असून सुमारे १२ आठवड्यांच्या उपचाराने शंभरांतील नव्वदांहून अधिक रुग्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमाखाली या तपासण्या व औषधे विनामूल्य देण्याची व्यवस्था आहे. त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करता येते. यकृतातील चरबीच्या विकाराचाही समावेश केंद्र शासनाने २०२१ मध्ये असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला आहे.

ग्रामसभेत, पालकसभेत किंवा आरोग्य शिबिरात यकृताविषयी बोलताना कावीळ व दारू यांबरोबर झोपेचाही उल्लेख व्हावा. यकृताचा आजार असलेल्या घरी ‘रात्री झोप लागते ना?’ हा एक प्रश्न आशा कार्यकर्तीने, शिक्षकाने किंवा पंचायत सदस्याने सहज विचारावा. उत्तर ‘नाही’ असे आले, तर गोळीचे नाव न काढता त्या घराला प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. कधीकाळी चुटकीसरशी हिशेब करणारा तो माणूस पुन्हा ओसरीवर बसून हिशेब करू लागणे, हे पुष्कळदा एवढ्याशा प्रश्नावर अवलंबून असते.